मळ्यात राजहंसाची मादी खुडूक बसली

आमच्या भागात राजहंस पाळणारी घरं थोडी, आणि जी आहेत ती राखणीसाठी पाळतात. रात्री वस्तीवर कोणी परकं आलं की कुत्र्याआधी राजहंस ओरडतो, एवढा त्याचा उपयोग सगळ्यांना माहीत. पिल्लं काढायच्या वाटेला फारसं कोणी जात नाही. त्यामुळे २०२५ च्या जानेवारीत आमच्या मादीनं, गौरीनं, अंडी घालायला सुरुवात केली तेव्हा विचारावं असं माणूस जवळपास नव्हतं. मोबाइलवर माहिती भरपूर सापडली, पण ती बहुतेक थंड मुलखातली. पिल्लं गारठू नयेत म्हणून काय करावं, पाणी गोठू नये म्हणून काय करावं, असली. आमचा मळा सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात, कृष्णेकाठी. इथं फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी पारा ३५ अंशांना टेकतो. आमच्यापुढचा प्रश्न नेमका उलटा होता. त्याचं उत्तर थोडं डॉक्टरांकडून मिळालं, थोडं आत्यांकडून (माझ्या सासूबाई), आणि बरंचसं गौरीकडे बघून बघून.

जोडी आम्ही २०२३ च्या दिवाळीनंतर कराडजवळच्या एका वस्तीवरून ३,००० रुपयांना आणली होती. पांढरी, कपाळावर चोचीच्या मुळाशी नारिंगी टेंगूळ असलेली. टेंगूळवाले राजहंस मूळचे पूर्व आशियातल्या रानटी हंसापासून माणसाळवलेले आहेत. नर राजा, मादी गौरी, ही नावं माझ्या लेकीनं ठेवली. पहिल्या वर्षी गौरीनं थोडी अंडी गोठ्यात, थोडी केळीच्या बुडाशी टाकली आणि तिथंच सोडून दिली. कोवळ्या मादीचं असं होतं. दुसऱ्या वर्षी मात्र ती डिसेंबरपासूनच कडब्याच्या गंजीमागं जाऊन पाचट (उसाचा वाळका पाला) ओढताना दिसत होती.

८ जानेवारीला पहिलं अंडं सापडलं. कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीहून मोठं, घरच्या काट्यावर १४० ग्रॅम. त्याच संध्याकाळी शेजारच्या मळ्यातले तात्या म्हणाले, "पिल्लं काढू नगंस बाई, वनखात्याला कळलं तर केस करत्याल." मला रात्रभर चैन पडेना. दुसऱ्या दिवशी वनरक्षकांना फोन लावला. त्यांनी नीट समजावून सांगितलं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ हा रानटी प्राण्या-पक्ष्यांसाठी आहे. हिवाळ्यात खटाव तालुक्यात मायणीच्या तलावाकडे पट्टकादंब येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. ते रानटी हंस. त्यांना पकडणं, मारणं हा गुन्हा. पाळीव राजहंस हा कोंबडी-बदकांसारखा पाळीव पक्षी, त्याला वनखात्याचा परवाना लागत नाही. तुम्हालाही कोणी असं घाबरवलं तर ऐकीव गोष्टीवर न थांबता सरळ फोन करा. पाच मिनिटांत शंका फिटते.

मादी रोज अंडं घालत नाही, दिवसाआड घालते. घालून झालं की वर पाचट ओढून झाकून निघून जाते. आम्ही गंजीमागच्या त्याच जागी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा जुना टायर आडवा ठेवला आणि आत पाचट भरली, म्हणजे अंडी घरंगळत नाहीत. जागा तिनं निवडलेली होती, ती आम्ही बदलली नाही. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं तारीख टाकली. शाईचं पेन किंवा मार्कर वापरू नये, कवचाला बारीक छिद्रं असतात.

एक अंडं मुंगसानं फोडलं. कवचाला पडलेलं मोठं भगदाड आणि पाचटीवरचे डाग बघितले आणि त्याच दुपारी पलूसला जाऊन अर्ध्या इंची वेल्डमेश जाळी आणली, १,४५० रुपये. कोंबड्यांची षटकोनी जाळी घेऊ नका, मुंगसाचं तोंड त्यातून आत जातं आणि घूस ती कुरतडते. जाळी जमिनीत वीतभर पुरली, पश्चिमेकडून शेडनेट लावलं, वर पाचटीचं जाड छप्पर केलं. दार एवढंच ठेवलं की गौरी वाकून आत जाईल. दिवसा ते उघडं, रात्री बंद. राजा बाहेर दारात.

याच सुमारास लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मेल्याची आणि तो बर्ड फ्लू असल्याची बातमी आली. आमच्या इथून ते लांब, पण घरात लहान मुलगी आहे, म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टर लाळ-खुरकुताच्या लसीकरणाला गावोगाव फिरत होते, त्यामुळे भेट मिळायला आठवडा गेला. सकाळी दवाखाना उघडताना जाणं बरं, दहानंतर ते फिरतीवर निघतात. केसपेपरवर जनावराच्या रकान्यात 'इतर' लिहून घेतलं. डॉक्टरांचं सगळं काम गाई-म्हशींचं, ते त्यांनी मोकळेपणानं सांगितलं आणि माझ्यासमोरच शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या आपल्या मित्राला फोन लावला. मला त्यांचं हे फार आवडलं. ठरलं ते असं: पाणी आणि दाणे उघड्यावर ठेवायचे नाहीत, म्हणजे कावळे आणि रानपाखरं तिथं येणार नाहीत. खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या ठेवायच्या. एकाएकी पक्षी मेला तर हात न लावता दवाखान्यात कळवायचं.

२७ जानेवारीला गौरी बसली ती उठेना. आत्या बघून आल्या आणि म्हणाल्या, "झाली खुडूक. आता तिच्या मागं लागायचं न्हाय." खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली. तिनं पोटाची मऊ पिसं उपटून अंड्यांभोवती गादी केली होती. खाली आठ अंडी. राजहंसाची अंडी उबायला २८ ते ३१ दिवस लागतात, कोंबडीपेक्षा आठवडाभर जास्त. मी दिनदर्शिकेवर २४ फेब्रुवारीला पेन्सिलनं गोल केला.

या काळात राजा कोणाला जवळ येऊ देत नाही. अंड्यावर मादी एकटीच बसते, नर पहारा देतो. मान जमिनीलगत लांब करून फुत्कारत धावून येतो, पंखाचा फटका जोरात बसतो. पळालं की तो मागं लागतो. आम्ही सूप पुढं धरून सावकाश चालायचो, त्याला बाजूला सारायचो. लेकीला एकटं तिकडं जाऊ दिलं नाही. दाणापाणी एकाच माणसानं, एकाच वेळी, एकाच रंगाच्या कपड्यात करावं असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं आणि अंगावर जुना निळा गाऊन.

गौरी दिवसातून एकदाच उठायची, उन्हं उतरल्यावर. अंडी पिसांनी झाकायची, सिमेंटच्या कुंडीत डुबकी मारायची, घाईनं खायची आणि पंधरा-वीस मिनिटांत परत. तेवढ्या वेळात तिला पोटभर मिळायला हवं, म्हणून भिजवलेले गहू, मका आणि जोंधळा, शेजारी लसूणघास, असं तयार ठेवायचं. बसलेली मादी वाळते. छातीचं हाड हाताला लागायला लागलं तेव्हा मी काळजीत पडले, पण ते नैसर्गिक आहे. दाण्याची ताटली घरट्याला चिकटून ठेवायचा मोह होतो. ठेवू नये. ती उठायची बंद होते, घरट्यातच विष्ठा होते, आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी ती कुंडीत असताना अंडी बॅटरीवर बघितली. मोबाइलचा उजेड, त्याला पुठ्ठ्याची नळी, नळीच्या तोंडावर अंडं. सात अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं आणि मधे एक ठिपका हलत होता. मला बोलता येईना. आठवं नितळ होतं, ते काढून टाकलं. नितळ अंडं तसंच राहिलं तर उन्हाळ्यात सडून फुटतं आणि बाकीच्यांना घाण लागते.

फेब्रुवारीच्या मध्यावर उन्हाचा तडाखा सुरू झाला. दुपारी दोनला गौरी चोच उघडी टाकून धापा टाकत होती. सगळे म्हणाले अंड्यांवर पाणी शिंपड. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "ती पाण्यात जाऊन येते का?" म्हटलं रोज येते. "मग शिंपडू नका. ओल्या पोटानं ती बसते, तेवढा ओलावा पुरतो. थंड करायचं तर जागा करा, अंडी नको." मग शेडनेटवरून ओलं गोणपाट सोडलं, छपरावर पाचटीचा आणखी एक थर चढवला, आणि मानेच्या टप्प्यात पण घरट्याबाहेर पाण्याचं खोल भांडं ठेवलं. दोन दिवसांत तिची धाप कमी झाली. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर बसलेल्या मादीला ऊब कमी पडत नाही, सावली आणि वारा कमी पडतो.

सगळ्यात मोठी काळजी वेगळीच निघाली. शेजारच्या तात्यांच्या उसाला तोड आली. साखर कारखान्याचा चिटबॉय (तोडीची पाळी कळवणारा माणूस) सांगून गेला, १८ तारखेला तोडणीची टोळी येणार. ट्रॅक्टरचा आवाज एकवेळ चालला असता, पण तोड झाली की फडातली मुंगसं, घुशी, साप सगळे बाहेर पडतात, आणि नंतर पाचट पेटवतात. आमची गंजी बांधापासून वीस पावलांवर. मी आणि आमचे हे तात्यांकडे गेलो. तात्या जरा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तुझी पिल्लं निघू देत. मग काडी लावतो." त्यांनी खरंच पंधरवडाभर पाचट तशीच ठेवली. खोडव्याचं (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाचं) पाणी लांबवून. पक्षी पाळणाऱ्यानं बांधशेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावं, जाळीपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला. तोडीच्या रात्री जाळीबाहेर एक धामण दिसली, ती बॅटरीच्या उजेडात निघून गेली.

याच दिवसांत २१ व्या पशुगणनेचे प्रगणक आले. गाई, म्हशी, शेळ्या मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये भरून झाल्यावर राजहंसांशी थांबले आणि बदकात घालू का म्हणाले. यादीत राजहंस वेगळे आहेत, शोधल्यावर सापडले. दोन अशी नोंद झाली. अंडी मोजत नाहीत.

२४ फेब्रुवारीला संध्याकाळी जाळीशी कान देऊन उभी होते. गौरी एरवी गप्प बसायची, आज ती अगदी खालच्या आवाजात काहीतरी बोलत होती आणि अंड्यातून बारीक उत्तर येत होतं. आत्यांना बोलावलं. त्या जाळीबाहेर मांडी घालून बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. २५ ला सकाळी दोन अंड्यांना आतून टोचा पडलेला, दुपारी पहिलं पिल्लू बाहेर. त्या दिवशी गौरी पाण्यालाही उठली नाही.

टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला राजहंसाला एक ते दोन दिवस लागू शकतात. या वेळात पिल्लू बलक पोटात ओढून घेत असतं, कवचाच्या आतल्या शिरांतलं रक्त अंगात घेत असतं. आपण कवच सोललं तर त्या शिरा फुटतात. हे मला पाठ होतं, तरी हात शिवशिवायचा. २६ ला महाशिवरात्र. घरात सगळ्यांचा उपास, आणि साबुदाणा भिजवून मी जाळीशीच. रात्रीपर्यंत पाच पिल्लं झाली, पिवळी-करडी, ओली. बलक पोटात असतो म्हणून पहिला दिवसभर त्यांना खाणं लागत नाही. घाई करू नये.

२७ ला सकाळी गौरी पाचांना घेऊन उठली. मागं दोन अंडी राहिली. एक थंड आणि गप्प. दुसऱ्यातलं पिल्लू अर्धवट बाहेर, अंगाला वाळलेली पातळ कातडी चिकटलेली. डॉक्टरांना विचारलं. शिरा लाल दिसत नसतील तर कोमट पाण्यात कापूस भिजवून कातडी ओली करा आणि सोडून द्या, म्हणाले. तासाभरात ते सुटलं. आई निघून गेल्यावर त्याला उबेची गरज होती. खोक्यात गोणपाट घातलं (वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात), वर ६० वॉटचा पिवळा बल्ब. हा बल्ब आता सहज मिळत नाही, पलूसमध्ये दुकानं फिरावी लागली. होल्डरसकट १२० रुपये. आधीच आणून ठेवा. पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ अंश ऊब लागते. पिल्लू बल्बखाली आक्रसून बसलं तर बल्ब खाली घ्या, कडेला जाऊन चोच उघडली तर वर.

लेकीला ते पिल्लू घरातच ठेवायचं होतं. पण राजहंसाचं पिल्लू पहिल्या दिवसांत ज्याला बघतं त्यालाच आई मानून मागं चालू लागतं. कोनराड लोरेंट्झ या शास्त्रज्ञानं हे रानहंसांच्या पिल्लांवर दाखवून दिलं होतं, पुढं १९७३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. माणसामागं लागलेलं पिल्लू कळपात रुळत नाही. लेकीला हे सांगितलं, तिनं ऐकलं, रडलीही. त्याच रात्री अंधारात, गौरी पेंगत असताना पिल्लू तिच्या पंखाखाली सरकवलं. सकाळी ती सहांना घेऊन बाहेर आली. राजानं सगळ्यांना एकदा वाकून बघितलं आणि पुढं चालायला लागला.

खाण्याचं सविस्तर सांगते, कारण खरी गोची इथंच होते. दुकानात मिळणारं चिक स्टार्टर कोंबडीच्या पिल्लांसाठी असतं. एक तर त्यात बहुतेक वेळा रक्ती हगवणीचं औषध मिसळलेलं असतं. राजहंसाचं पिल्लू खातं जास्त, त्यामुळे औषधही जास्त पोटात जातं. औषध नसलेलं मागून घ्या. मला ते दोन दुकानांत नाही म्हणाले, तिसऱ्यात ४५ रुपये किलोनं सुटं मिळालं. दुसरं, राजहंसाच्या पिल्लाला नियासिन हे ब गटातलं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लाच्या जवळजवळ दुप्पट लागतं. ते कमी पडलं की पाय लुळे पडतात, घोटे सुजतात. ८ मार्चला आमच्या उशिरा निघालेल्या पिल्लाचं तेच झालं. चार पावलं टाकून बसायचं. डॉक्टरांनी पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स दिलं, आणि मेडिकलमधल्या ब्रुअर्स यीस्टच्या गोळ्या कुटून सगळ्यांच्या खाद्यात घालायला सांगितल्या. आठवड्यात ते इतरांबरोबर पळायला लागलं.

आत्या म्हणाल्या, घरची शेंगपेंड दे, ताकद येईल. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, शेंगपेंडीत नियासिन भरपूर असतं. पण डॉक्टरांनी साफ नाही म्हणून सांगितलं. पेंडीला बुरशी लागली तर त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, ते डोळ्यांना दिसेलच असं नाही, आणि बदक-हंसांची पिल्लं त्याला सगळ्यांत लवकर बळी पडतात. १९६० मध्ये इंग्लंडात अशाच पेंडीनं एक लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हाच हे विष उजेडात आलं. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेंड म्हशीच्या आंबोणातूनही थोडे दिवस बंद केली.

चौथ्या दिवसापासून पिल्लं हरळी खुडायला लागली. बारीक चिरलेला लसूणघास, कोथिंबिरीच्या काड्या चालतात. आमच्या चहूकडे द्राक्षबागा आहेत, आणि मार्चपर्यंत तिथं फवारे चालू असतात. बागेच्या बांधाचं गवत एक काडीही आणू नका. आम्ही फक्त आमच्या गोठ्यामागचं गवत दिलं. पाण्याचं भांडं नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, डोळे आणि नाक ती पाण्यानंच साफ करतात. कुंडीत आम्ही दगडांची पायरी केली. आईच्या पिसांचं तेल अंगाला लागतं म्हणून आईबरोबरची पिल्लं लवकर पोहतात, पण बाहेर यायला वाट नसेल तर दमून बुडतात.

२ मार्चला सकाळी एक पिल्लू मेलेलं सापडलं. आदल्या संध्याकाळी ते धडधाकट होतं. सांगितल्याप्रमाणे हात न लावता फोन केला. डॉक्टर दुपारी आले, बाकीची पाच आणि दोन मोठे पक्षी तपासले, कोणालाच काही नव्हतं. एकच पिल्लू, बाकी कळप ठणठणीत, म्हणून नमुना पाठवायची गरज नाही असं लिहून दिलं. खोल खड्डा, वर चुना, मग माती. कारण कळलं नाही. गौरी त्या दिवशी सारखी त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत होती. मला ते बघवत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यानंतर स्टार्टर कमी करत आणलं. फार प्रथिनं मिळाली की पंखाचं टोक बाहेर वळतं आणि तसंच राहतं. दाणा थोडा, चरणं जास्त. पाडव्यापर्यंत, म्हणजे ३० मार्चला, खांद्यावर पहिली पांढरी पिसं आली होती. रात्रीची जाळी एप्रिलअखेर चालूच ठेवली. तात्यांच्या उसाचा खोडवा गुडघ्याएवढा झाला आणि मुंगसं परत तिकडं गेली, तेव्हा कुठं थोडं निर्धास्त झोपलो.

एकूण खर्च धरला तर जाळी, शेडनेट, खाद्य, बल्ब, गोळ्या मिळून ४,००० च्या आसपास. मे महिन्यात तीन पिल्लं तात्यांच्या लेकीकडे, ताकारीच्या वस्तीवर गेली. पैसे घेतले नाहीत, तात्यांनी थांबवलेल्या पाचटीची आठवण होती. बरोबर पाच किलो खाद्य बांधून दिलं, म्हणजे जागा बदलली तरी आठवडाभर खाणं बदलणार नाही. तीनही एकदम दिली, एकटं पिल्लू दुसऱ्या घरी रात्रभर ओरडतं. पहिल्या रात्री तिथून फोन आला, पाणी पितात पण दाणे खात नाहीत म्हणून. हिरवं टाका, सकाळपर्यंत वाट बघा, असं सांगितलं. सकाळी खाल्लं होतं.